बाजी परत इकडेच आलाय

"वहिनी, ओ वहिनी! तुमचे चिरंजीव आमच्याकडे मुक्कामाला आलेत."

मी हाक मारली तेव्हा बाजी आमच्या तुळशीच्या सावलीत असा ऐसपैस पसरला होता, जसं काही सातबाऱ्यावर त्याचंच नाव आहे. वहिनी पदराला हात पुसत आल्या. त्यांच्या-आमच्या अंगणांमध्ये चार फुटी तारेची जाळी, तिला लागून मेंदी आणि मधोमध त्यांचा कढीपत्ता. निम्म्या फांद्या आमच्या बाजूला. नारायणगावजवळच्या या मळ्यात राहायला आल्यापासून कढीपत्ता तोडायचं निमित्त करून आम्ही दोघींनी किती दुपारी घालवल्या असतील, हिशेब नाही.

"कुठनं आला हा? फाटकाला तर कडी आहे."

"तेच म्हणते मी. जाळी धड, फाटक बंद. विमानानं आला का?"

वहिनी खाली वाकल्या. कढीपत्त्याच्या बुडाशी माती उकरलेली, अजून ओली. जाळीच्या खालच्या तारेत बदामी केसांचा पुंजका अडकलेला. वहिनींनी तो चिमटीत धरला आणि नाकावर पदर न घेताच सांगितलं, "ह्याचाच."

बाजी लातूरकडचा. वहिनींच्या भाच्यानं आणून दिलेला कारवान. लांब पाय, पोट पाठीला लागलेलं, तोंड निमुळतं. "उपाशी ठेवता की काय" असं येणारा-जाणारा विचारतो आणि वहिनींना ते फार लागतं. ही जात शिकारीची, तीही नजरेनं शिकार करणारी. लांबवर ससा हलला की हा निघाला. मग मागून कुणी कितीही बोंबलो.

म्हणून वहिनींच्या यजमानांनी, अण्णांनी, पहिले चार महिने त्याला साखळीला बांधलं. साखळी हातभर. त्याचा परिणाम गॅसवाल्याच्या पोटरीवर दिसला. दिवसभर बांधलेलं कुत्रं येईल त्याच्यावर भुंकून भुंकून नुसतं तापत जातं, आणि एक दिवस कडी निसटते. वहिनींनी त्या पोराला नळाखाली बसवून साबण लावून घड्याळी १५ मिनिटं जखम धुतली. हळद लावू दिली नाही, चुना नाही, काही नाही. तिथून थेट दवाखाना. बाजीला रेबीजची लस दिलेली होती, तरी पोराला सगळी इंजेक्शनं घ्यायला लावली.

"आणि त्याचा मामा आला ना भांडायला! पोलिसात जातो म्हणाला."

"जाता येतं की. नव्या भारतीय न्याय संहितेत कलम २९१ आहे. आपलं जनावर नीट सांभाळलं नाही आणि त्यापासून कुणाला धोका झाला, तर सहा महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर पाच हजारांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही."

"आमचे जावई वकील आहेत, त्यांनी वर आणखी ऐकवलं. म्हणे १९६० च्या कायद्यात आखूड साखळीला तासन्‌तास बांधून ठेवणं हीसुद्धा क्रूरता. आणि कायम बांधलेल्या कुत्र्याला फिरवलं नाही तर तोही गुन्हा."

"म्हणजे सोडला तरी गुन्हा, बांधला तरी गुन्हा?"

"हेच अण्णांनी विचारलं. जावई म्हणाले, बाबा, मधला रस्ता शिकवण्याचा."

मग वहिनींनी शिकवणी लावली. त्यांच्याकडे वीस फुटी सुताची दोरी होती, ती बाजीच्या पट्ट्याला. अण्णांचं एक जुनं धोतर फाडून त्याच्या पांढऱ्या चिंध्या काठ्यांना बांधल्या आणि त्या काठ्या जाळीच्या आत दोन हातांवर ओळीनं रोवल्या. लांबून बघणाऱ्याला वाटावं, जमिनीची मोजणी चाललीय. रोज सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं त्या काठ्यांच्या कडेनं फेरी. बाजी चिंधीजवळ गेला की ओरडायचं नाही, हिसका द्यायचा नाही. आपण पाठ फिरवायची, "बाजी, ये!" म्हणायचं, आणि आला की उकडलेल्या अंड्याचा तुकडा. फाटकाशी वेगळा धडा: फाटक उघडलं तरी "थांब" म्हटल्यावर बूड टेकायचं.

मी म्हटलं, "वहिनी, कुत्र्याचं शेपूट..."

"शेपटाचं राहू द्या ताई. मला पाय ताब्यात हवेत."

हे चाललं असतं झकास, पण घरात अण्णा. बाजीनं चपला पळवल्या की अण्णा गोड आवाजात "ये ये, बाजी ये" म्हणून बोलवणार आणि आला की उरलेल्या चपलेनं हाणणार. दोनदा असं झालं. तिसऱ्यांदा "ये" ऐकताच बाजी उलटा उसाच्या दिशेनं पळाला. महिनाभराची अंडी पाण्यात! तेव्हापासून "ये" हा शब्द उच्चारायला अण्णांना घरात बंदी आहे. जेवायला आलेल्या पाहुण्यालासुद्धा ते "या" म्हणतात, मग वय काही असो.

मी माझ्या भाच्याचं सांगितलं. तो न्यू जर्सीत असतो. तिथे अंगणाच्या कडेनं जमिनीत तार पुरतात आणि कुत्र्याच्या गळ्यात पट्टा. तारेजवळ गेलं की पट्टा आधी वाजतो, तरी पुढे गेलं तर झटका. कुंपण दिसत नाही, कटकट नाही. फक्त एकदा हरणामागे त्याचा कुत्रा झटका सोसून पार गेला, आणि परत यायला मात्र तयार होईना, कारण घरात शिरायलाही तोच झटका!

वहिनी खो खो हसल्या. मग एकदम गप्प झाल्या. "आणि बिबट्याला पट्टा कोण घालणार ताई?"

बाजीच्या आधी त्यांच्याकडे मोती होता. रात्री ओसरीवर बांधलेला. दोन वर्षांपूर्वी पहाटे वहिनी सडा टाकायला उठल्या तर नुसती साखळी होती, पट्ट्याची कडी वाकलेली. त्या रात्री मोती भुंकलासुद्धा नाही, किंवा आम्हाला ऐकू आलं नाही. जुन्नर तालुक्यात ही गोष्ट नवी नाही; माणिकडोहचं बिबट्यांचं केंद्र इथून फार लांब नाही. तिकडे अकोले तालुक्यात वन्यजीव-अभ्यासक विद्या अथ्रेया आणि त्यांच्या सोबत्यांनी बिबट्याची विष्ठा तपासली, तर पोटात गेलेल्या भक्ष्यात वजनाच्या हिशेबानं ३९ टक्के वाटा एकट्या कुत्र्याचा निघाला. रात्री बांधलेलं कुत्रं म्हणजे वाढून ठेवलेलं ताट. बाजी आता दिवे लागले की मागच्या खोलीत, दार लावून.

"भाद्रपदात काय करणार? तेव्हा तर कुत्र्यांना भिंती दिसत नाहीत."

"ऑपरेशन करून घेतलं मागेच. आता राहिली दिवाळी. फटाके सुरू व्हायच्या आत त्याला आत घेते आणि टीव्ही मोठ्यानं लावते."

एवढ्यात अण्णा कुदळ आणि कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसली जाळी घेऊन आले. जाळी दीड फूट रुंद. निम्मी कुंपणाला उभी बांधायची, निम्मी बाजीच्या बाजूला आडवी दुमडून मातीखाली, वर दगड. कुत्रं उकरतं ते अगदी कुंपणाच्या बुडाशी. तिथं नखांना तार लागली की सोडून देतं. दोन पावलं मागे सरून उकरावं, एवढं त्याला सुचत नाही. अण्णांनी पहिला दगड बसवला आणि कंबर धरून उभे राहिले.

"साठ फूट जाळी आहे. हा बरोब्बर इथंच का उकरतो?"

मी कढीपत्ता तोडायला लागले.

वहिनींनी जाळीवरून मान लांब केली. तुळशीमागे जर्मनची ताटली होती. तिच्यात सकाळच्या बाजरीच्या भाकरीचा चतकोर, वर रश्श्याचा तांबडा ओघळ.

"ही कुणाची?"

"मांजराची."

"तुमच्याकडे मांजर कधी आलं?"

बाजी उठला, आळस दिला, ताटलीपाशी गेला आणि शांतपणे तो चतकोर खाऊन टाकला.

"अस्सं," वहिनी म्हणाल्या, "मी दोन महिने अंडी उकडतेय, आणि इकडे कुंपणच शेत खातंय!"

त्या दिवसापासून ताटली त्यांच्या ओसरीवर असते. संध्याकाळी भाकरी घेऊन मी रस्त्यानं वळसा घालून त्यांच्या फाटकातून जाते आणि "बाजी, ये" म्हणते. अण्णा पलीकडे खुर्चीत तोंड मिटून बसलेले असतात.