पाण्याचे सेक्रेटरी व्हा: सात सोप्या पायऱ्या

(चंदीगडच्या सोसायट्यांत नव्याने राहायला आलेल्या मराठी मंडळींसाठी)

अभिनंदन! बदली होऊन तुम्ही सेक्टर 48 ते 51 मधल्या एखाद्या सोसायटीत आलात, वार्षिक सभेला वेळेवर पोचलात, आणि वेळेवर पोचणारे एकटेच असल्यामुळे पाण्याचे खाते सर्वानुमते तुमच्या गळ्यात पडले. घाबरू नका. पुढच्या पायऱ्या क्रमाने पाळा; वर्ष सुखाने पार पडेल.

1. आधी भूगोल सांगा. तक्रार आली की सुरुवात भाक्रा कालव्यापासून करावी. पाणी पंजाबातल्या कजौलीहून पंपाने सेक्टर 39 च्या जलशुद्धीकरण केंद्रात येते, तिथे गाळले जाते, क्लोरीन घेते आणि महापालिकेच्या वाहिन्यांतून तुमच्या मीटरपर्यंत पोचते. इथपर्यंत आवाज खणखणीत ठेवा. मीटरच्या पुढे जमिनीखालची टाकी, पंप आणि गच्चीवरच्या टाक्या लागतात. तिथे आल्यावर विषय बदला, कारण तेवढा भाग तुमचा आहे.

2. मानक फ्रेम करून लावा. आयएस 10500, साल 2012. विरघळलेले क्षार, म्हणजे टीडीएस, लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत. नायट्रेट 45 पर्यंत. मुक्त क्लोरीन किमान 0.2, आणि 100 मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय अजिबात नको. दिलासा असा की नळाच्या पाण्याला हे मानक सक्तीचे नाही. नोव्हेंबर 2019 मध्ये केंद्रीय मंत्री रामविलास पासवान यांनी 21 शहरांच्या नळपाण्याचा निकाल जाहीर केला. मुंबईचे सगळे नमुने तपासलेल्या 28 कसोट्यांवर उतरले. चंदीगडचा एकही नमुना सर्व कसोट्यांवर उतरला नाही. तुम्ही मुंबईकर असाल तर हे सभेत बोलू नका. पुढच्या वर्षीही तुम्हालाच निवडतील.

3. टीडीएसचा मीटर खिशात ठेवा. पेनाएवढे यंत्र, ग्लासात बुडवले की आकडा येतो. आकडा लहान दिसला की सभा गप्प बसते. यंत्र मोजते ते क्षार. जंतूंशी त्याला देणेघेणे नाही. गटाराचे कपभर पाणी टाकीत मिसळले तरी आकडा ढिम्म हलणार नाही, आणि सेक्रेटरीला यापेक्षा विश्वासू साथीदार कुठे मिळणार? कोणी फारच खोलात शिरला तर आरओ घ्यायला सांगा. टीडीएस 500 च्या आत असेल तिथे आरओवर बंदी आणा, असे राष्ट्रीय हरित लवादाने 2019 मध्ये सांगितले होते, हे मात्र सांगू नका. आरओमधून निघालेल्या पाण्यात रक्षण करणारे क्लोरीन उरत नाही, हेही नको.

4. टाकीवर तारीख रंगवा. ‘टाकी धुतल्याची तारीख’ ठळक अक्षरांत हवी. टाकी धुण्यापेक्षा तारीख रंगवणे स्वस्त पडते. झाकण तुटले असेल तर वर वीट ठेवा. कबुतरांना बसायला बरी. या शहरात उन्हाळ्यात पाइप लावून गाडी धुतली तर चलान फाटते. टाकी न धुतल्याबद्दल फाटलेले चलान मी तरी अजून पाहिलेले नाही.

5. माळ्याला मोकळीक द्या. चंदीगडमध्ये बागा आणि हिरवळीसाठी प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याची वेगळी वाहिनी असते. कोणता पाइप कशाचा, ते एकट्या माळ्याला ठाऊक असावे आणि तो गावी गेलेला असावा. पिण्याच्या पाण्याचा पुरवठा ठरावीक तासांनाच असेल, तर पाणी थांबल्यावर रिकामी वाहिनी फटीतून आजूबाजूची घाण आत ओढते, असे एखादा इंजिनिअर सांगेल. त्याला ‘कोई गल नहीं जी’ म्हणून चहा पाजा.

6. नमुना हुशारीने घ्या. मीटरलगतच्या नळाचा, सकाळी, भर पुरवठ्यात. चौथ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरातला कधीच नको. तिथे खरे उत्तर मिळण्याचा धोका असतो. तिकडे महाराष्ट्रातल्या गावांत ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकतो आणि ओटीचे, म्हणजे ऑर्थोटोलिडिनचे थेंब घालून पाणी पिवळे होते का ते बघतो. पिवळे झाले तर क्लोरीन आहे. गावांच्या पाण्याच्या उद्भवांची पाहणी करून धोक्याप्रमाणे लाल, पिवळी, हिरवी कार्डे वाटली जातात. जलजीवन मिशनमध्ये गावोगावी पाच महिलांना किटने पाणी तपासायला शिकवतात. पण ती खेडी! आपण ल कॉर्बुझिएने आखलेल्या शहरात राहतो.

7. दोष गोलगप्प्यांना द्या. सोसायटीत कावीळ किंवा गॅस्ट्रो निघाला की ‘बाहेरचे खाल्ले असेल’ हे वाक्य तयार ठेवा. ते तीन-चार घरांपर्यंत पुरते. 2025 च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात जीबीएस (गिया-बारे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा संशयाचे बोट थेट पाण्याकडे गेले आणि विहिरी, टँकर, खासगी आरओ केंद्रे सगळ्यांचीच तपासणी झाली. तिथे गोलगप्पे कामाला आले नाहीत.

यातले काहीच जमत नसेल, तर नाइलाजाने काम करावे लागेल, आणि ते फार नाही. खालच्या-वरच्या सगळ्या टाक्या रिकाम्या करून घासून घ्या, झाकणे घट्ट बसवा, हवेच्या नळीला जाळी लावा. टाक्या भरल्यावर हजार लिटरला साधारण अडीच ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर थोड्या पाण्यात कालवा, चुना खाली बसू द्या, वरची निवळी टाकीत ओता आणि तासभर थांबा. मग शेवटच्या मजल्यावरच्या, सर्वांत लांबच्या नळाला क्लोरीन तपासा. जंतू तपासायला एचटूएस (हायड्रोजन सल्फाइड) चाचणीची बाटली येते. पाणी भरून ठेवल्यावर एक-दोन दिवसांत काळी पडली तर ते पाणी पिऊ नका आणि प्रयोगशाळेत नमुना द्या. निकाल चांगला असो वा वाईट, तारखेसह जिन्यात लावा.

मीटरच्या अलीकडे महापालिका आहे, पलीकडे तुमच्याखेरीज कोणी नाही. या रविवारी गच्चीवर जा आणि झाकण उघडून बघा.