पोच मिळाली

आमचे वडील कलेक्टर कचेरीत जावक बारनिशीवर कारकून होते, आणि लखोटा चिकटवण्यापूर्वी आतला कागद एकवार बोटांनी चाचपून पाहण्याची त्यांची जी सवय होती, तिला आम्ही मुले घरात यथेच्छ हसत असू. त्या हसण्याची फेड मला उतारवयात करावी लागली.

माझे काम तसे अल्प. रोज सायंकाळी विक्रीच्या तक्त्याची एक फाइल एफटीपीने मुख्य कचेरीकडे रवाना करायची. ही एफटीपी म्हणजे कानपूरच्या आयआयटीतून एमआयटीत गेलेल्या अभय भूषण यांनी एप्रिल १९७१ मध्ये लिहून काढलेला शिष्टाचार होय. शिष्टाचार हा शब्द मी विचारपूर्वक योजतो, कारण हिचा सर्व्हर जुन्या दरबारातील चोपदाराप्रमाणे पावलागणिक आकडा पुकारतो : २२० म्हणजे हुजूर सिद्ध आहेत, ३३१ म्हणजे नाव कळले, आता परवलीचा शब्द बोला, २३० म्हणजे आत या, आणि ५५० म्हणजे असा दस्तऐवज येथे नाही, असला तरी आपल्यासाठी नाही. परवलीचा शब्द मात्र भर चावडीत मोठ्याने उच्चारायचा, वाटेत ज्याला ऐकायचा त्याने ऐकावा! २०२१ मध्ये क्रोम व फायरफॉक्स या ब्राउझरांनी तिला उंबऱ्याबाहेर काढले. कचेऱ्यांनी काढले नाही. कचेरी एकदा पडलेला शिरस्ता सोडत नाही.

मला सहाचा चहा निवांत हवा होता. पायथन भाषेसोबत एफटीपीलिब नावाची लायब्ररी फुकट येते, हे कळताच मी पंधरा ओळींची स्क्रिप्ट लिहिली : लॉगिन, स्टोरबायनरी, क्विट. ती ठीक सहा वाजता चालवण्याचे फर्मान, ठरल्या वेळी कामे उरकणाऱ्या क्रॉन या प्रोग्रामला दिले. दुसऱ्या दिवशी लॉग उघडला तो त्यात ‘२२६, ट्रान्सफर कम्प्लीट’ अशी खणखणीत पोच रुजू झालेली. एकोणीस दिवस मी चहा प्यालो, आणि त्या अवधीत शेजारच्या टेबलांना स्वयंचलनाच्या माहात्म्यावर जे प्रवचन दिले, त्याची आठवण आज मला कोणी करून देत नाही, हा त्यांचा थोरपणा.

विसाव्या दिवशी, निव्वळ कौतुकाने, पलीकडचे फोल्डर उघडून पाहिले. एकोणीस फाइली, नावात ओळीने तारखा, आणि प्रत्येकीचा आकार शून्य बाइट! तक्ता तयार करणारा आमचा प्रोग्रामही सहालाच जागा होतो, आधी कोरी फाइल मांडून ठेवतो आणि मग पाच मिनिटे ती सावकाश भरतो. मी हाताने पाठवीत असे तेव्हा सव्वासहा वाजत, म्हणून ही मेख कधी कळलीच नाही. सर्व्हरला बोल लावण्यास जागा नव्हती. शून्य बाइट दिले होते, ते शून्यच्या शून्य सुखरूप पोचले होते. २२६ अक्षरशः खरे होते.

आता स्क्रिप्ट सव्वासहाला निघते, आणि लखोटा चिकटवण्यापूर्वी आत कागद आहे की नाही हे चाचपून पाहते. पोचल्यावर पलीकडच्या फाइलीचा आकार विचारून आपल्याशी ताडून घेते. राहता राहिली मुख्य कचेरी. त्या एकोणीस दिवसांत तिच्याकडून एकही तक्रार आली नाही. बाराव्या दिवशी एक पत्र मात्र आले होते : आपल्या फाइली हल्ली वेळेवर मिळतात व उघडण्यासही विलंब लागत नाही, आभारी आहोत. ते पत्र मी आवक बारनिशीत नोंदवून ठेवले आहे.