दुरुस्तीकाका

रायपुरात तात्यापाऱ्यापासून चौबे कॉलनीपर्यंतची मराठी घरं हिंडून या, दर दोन गल्ल्यांआड एक दुरुस्तीकाका भेटेल. सरकारी खात्यातून निवृत्त, खिशाला हिरवं पेन. हिरव्या शाईने सही करायचा मान एका बढतीने हुकला, ती हौस आता दुसऱ्यांच्या कागदांवर भागते. लग्नपत्रिका, सत्यनारायणाचं आमंत्रण, काहीही चालतं. पण गणपतीच्या हस्तलिखितासाठी शेजारच्या चौथीतल्या मुलीने गोष्ट लिहून आणली की काका पंखा बंद करून बसतात, पानं उडायला नकोत म्हणून.

गोष्ट साधारण अशी असते : भाजीवाली म्हणाली ले जा न बाबू ताजा हे । कावळा म्हणाला मला पण दे आई म्हणाली चूप ।

"चूप कोणाला? कावळ्याला की भाजीवालीला?"

"दोघांना," मुलगी सांगते. काकांना हे उत्तर मंजूर नसतं.

पहिला बळी उभ्या दंडाचा. शाळेत हिंदी, त्यामुळे प्रत्येक वाक्याच्या शेवटी खडी पाई उभी. "मराठीत पूर्णविराम म्हणजे टिंब. दंड श्लोकाला नि ओवीला ठेव." मग माधवराव सप्रे निघतात, रायपूरच्या मराठी माणसाला ते निघाल्याशिवाय राहत नाहीत. मराठी घरातल्या सप्र्यांनी १९०० साली पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' हिंदीत काढलं, पुढे टिळकांचं 'गीतारहस्य' हिंदीत नेलं. "त्यांनी मराठीतलं तिकडे नेलं, मी तिकडून आलेली पाई परत पाठवतोय, एवढंच!" त्यानंतर मेजर कँडी. मोडीत शब्दसुद्धा सुटे लिहीत नसत. विरामचिन्हं मराठीत रुजवली ती या साहेबाने, १८५० साली त्यावर पुस्तकच लिहून. मुलीच्या लक्षात राहते फक्त कँडी.

एक मात्र कबूल करायला हवं, चिन्हांत काकांचा हात धरणारा कोणी नाही. 'म्हणाली'पुढे स्वल्पविराम, बोलणं दुहेरी अवतरणात, प्रश्नचिन्ह अवतरणाच्या आत, बोलणारा बदलला की नवी ओळ. पाच मिनिटांत कावळा वेगळा, आई वेगळी. साहित्य महामंडळाचा नियमही तोंडपाठ : निवेदनात 'असे केले', पण पात्राच्या तोंडी 'असं केलं' चालतं. इथेच पेन थांबलं असतं तर हे लिहायची वेळच आली नसती.

पण पेन अवतरणाच्या आत शिरतं. 'ले जा न बाबू, ताजा हे' खोडून काका लिहितात, "घेऊन जा बाळ, भाजी अगदी ताजी आहे." शास्त्री बाजारात अशी भाजीवाली भेटली तर गिऱ्हाईक घाबरून पळेल. कावळा "मलाही द्यावी, ही विनंती" म्हणतो, कारण नोटशीटवर काकांनी जन्मभर तेच लिहिलं. आई "चूप"ऐवजी "कृपया शांत राहा" म्हणते. गोष्टीतली माणसं, पक्षी, सगळी एकजात निवृत्त हेडक्लार्क.

शेवटी गोष्टीतले आजोबा येतात. ते म्हणतात, "मी सांगून राहिलो ना, मग ऐकत काहून नाही?"

काका भडकतात. "असं कोण बोलतं? हे काढून टाक!"

"पण काका…"

"अगं, मी सांगून राहिलो ना!"

आतून काकूंचा आवाज येतो, "अहो, ते वाक्य राहू द्या. तेवढं एकच बरोबर आलंय."

तर रायपूरकरहो, हस्तलिखिताचा हंगाम आलाय. चिन्हं लावायला पोरांना काकांकडे जरूर पाठवा, अशी फुकटची शिकवणी कुठे मिळायची नाही. फक्त अवतरणाच्या आतला मजकूर आधी शिसपेन्सिलीने दुसऱ्या कागदावर उतरवून ठेवा, आणि हस्तलिखितात तोच घाला.