बन्याला मिसरूड फुटलं

पुणेकर काहीही म्हणोत, फास्टर फेणेवर सोलापूरचा थोडा हक्क आहेच. भा. रा. भागवतांचा हा बनेश फेणे मूळचा फुरसुंगीचा, आणि फुरसुंगी पडते पुण्याहून सोलापूरला निघालेल्या रस्त्याजवळच. एवढ्या नात्याच्या जोरावर तक्रार करायला हरकत नसावी: २०१७च्या चित्रपटाने बन्याला उगाच वाढवलं. फेणे झालेला अमेय वाघ चपळ आहे, गिरीश कुलकर्णींचा खलनायक अप्पा तर असा की बघणाऱ्यालाही घाम फुटावा. पण वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला आलेला जवान गडी गुंड पकडतो यात नवल ते काय? ते तर कुठलाही हिरो करतो. पुस्तकातला फेणे शाळकरी, काडीपहिलवान. मोठी माणसं त्याला खिजगणतीत धरत नाहीत आणि त्याच्यादेखत नको ते बोलून बसतात. हेच त्याचं खरं हत्यार. १९८७ साली दूरदर्शनच्या मालिकेत सुमीत राघवन फेणे झाला तेव्हा तो पोरसवदाच होता, निम्मं काम तिथेच झालं.

म्हणतात, एवढासा पोरगा चित्रपटातल्या परीक्षा-माफियाला भिडला तर पटणार नाही. प्रतापगड काय, गुलमर्ग काय, जाईल तिथे फेणेने भामट्यांना पाणी पाजलं, तेव्हा ‘घरी विचारून आलास का’ असं कुणी विचारलं होतं? दुसरा आक्षेप वजनदार आहे: तिकीट काढतात ते चाळिशीतले जुने वाचक. खरंय, पण ते येतात पुन्हा बारा वर्षांचं व्हायला. बारा ते अठरा ही वर्षं त्यांना फुकट दिली तरी नकोत. उरला तिसरा, की आजकाल पोरांना मोकळं सोडतो कोण? सोलापुरात तर अडचण दुप्पट. सात रस्ता चौकातून सायकल वळवायचा अवकाश, कुणीतरी हाक मारणारच, ‘का बे, कुणाचा तू?’ भामट्याच्या आधी बातमी घरी पोचायची.

तरीही रहस्याला इथे तोटा नाही. उजनी धरण शंभर टक्के भरल्याचं पेपरात छापून येतं आणि नळाला पाणी चार-पाच दिवसांनी, तेही रात्री-अपरात्री. हातभर लोखंडी चावी घेऊन पाणी सोडणारा चावीवाला नेमक्या कुठल्या गल्लीत आधी वाकतो, हे भल्याभल्यांना उमगलेलं नाही. त्याच्या मागावर अठरा वर्षांचा तरुण निघाला तर लोक त्याला कार्यकर्ता समजतील आणि चहा पाजून वाटेला लावतील. तिथे बाराचाच पाहिजे, सायकलसकट.