ठकी ठकली

रेडिंग, इंग्लंड
रविवार, २४ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप आई-अप्पांना ठकीचा शिरसाष्टांग नमस्कार.

पाकिटावरचं अक्षर बघून अप्पांनी आधी चष्मा पुसला असेल, मग ओटीवर जाऊन शिक्का उजेडात धरला असेल. अप्पा, शिक्का खरा आहे. तिकिटावर बारकोड आहे म्हणून बिचकू नका, इथल्या तिकिटांना हल्ली असतोच. किती वर्षांनी हाताने पत्र लिहितेय! 'ळ' काढताना बोट अडखळलं. पण दुसरी वाट तुम्ही ठेवलीत कुठे?

गेल्या महिन्यात माझ्या पत्त्यावरून तुम्हाला मेल आली. 'प्रिय वडील, मी एका कठीण परिस्थितीत सापडले आहे. कृपया हे गोपनीय ठेवा आणि खालील खात्यात रक्कम पाठवा.' तुम्ही आईला म्हणालात, आमची ठकी मला जन्मात प्रिय वडील म्हणालेली नाही, आणि पैसे हवे असले की ती तुला गाठते. मग त्या चोराला तुम्ही एका ओळीचं उत्तर धाडलंत : आपल्या विहिरीवरचा रहाट जाऊन पंप कोणत्या साली बसला? चोर गप्प. इथवर सगळं झकास. पण खातं ताब्यात आल्यावर मी, खरी ठकी, तुमची माफी मागायला मेल केली, तर तुम्ही मलाही तोच प्रश्न टाकलात. मी १९८९ लिहिलं. उत्तर चूक. त्या दिवसापासून मी तुमच्या स्पॅममध्ये पडून आहे.

फोन केला तर म्हणालात, आवाजाची नक्कल होते, तूच मला बातमी पाठवली होतीस. व्हिडिओवर तोंड दाखवलं तर म्हणालात, तोंडाचंही तेच. आई तेवढी बोलते माझ्याशी, पण दर दोन वाक्यांनी मागून तुमचा आवाज येतो, 'खातेनंबर सांगू नकोस.' दोन वर्षं मी तुम्हाला सावधगिरी शिकवली. इतकी चांगली शिकवायला नको होती.

आता हे मुळात घडलं कसं, ते कबूल करते. आईने पाठवलेल्या पार्सलची मी वाट बघत होते. ऑफिसात लोकांना 'अनोळखी लिंक उघडू नका' म्हणून सांगणारी मी, संध्याकाळी बसथांब्यावर एका हातात छत्री नि दुसऱ्यात फोन घेऊन उभी. मेसेज आला : पार्सल अडकलंय, एक पौंड पंचेचाळीस पेन्स भरा, नाहीतर परत जाईल. परत! आईचे कडवे वाल परत! मी कार्डाचा नंबर भरला. खातं उघडा म्हणाला, म्हणून मेलचा पत्ता आणि पासवर्डही भरला. आणि पासवर्ड माझा सगळीकडे एकच. तो बदल म्हणून तुमचे जावई केव्हापासून सांगत होते. आता ते काही बोलत नाहीत, नुसती भाजी चिरतात. ते जास्त लागतं.

बँकेने कार्ड थांबवलं, चाळीस पौंडांवर निभावलं. पण मेलच्या खात्यात गडी आधीच शिरला होता. शिरल्यावर त्याने काय करावं? एक गुपचूप नियम करून ठेवला, की ठकीच्या नावाने जे उत्तर येईल ते थेट कचऱ्यात जावं. म्हणजे तुम्ही चोराला टाकलेला पंपाचा प्रश्न माझ्या डोळ्यांपुढे आलाच नाही. नुसता पासवर्ड बदलून भागत नाही, आत बसवलेले असले चोरदरवाजेही शोधावे लागतात, हे मला सांगितलं तुमच्या नातीने, चिमणीने. वय वर्षं अकरा. असे मेसेज इथे ७७२६ या नंबरावर पुढे पाठवायचे, हेही तिलाच ठाऊक. कीपॅडवर त्या आकड्यांची अक्षरं जुळवली की 'स्पॅम' होतं म्हणे.

अप्पा, लहानपणी टपालाच्या गोणीवर बसून मी तुम्हाला विचारलं होतं, तुम्ही पत्ता खालून वर का वाचता? तुम्ही म्हणालात, आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव, नाव सगळ्यात शेवटी, कारण नाव काय, कुणीही काहीही लिहितो. वेबसाइटच्या पत्त्याचं तंतोतंत तसंच आहे. सुरुवातीच्या दोन तिरप्या रेघा सोडायच्या, पुढची पहिली तिरपी रेघ गाठायची आणि तिथून उलटं मागे वाचायचं. रेघेला चिकटून जे नाव आणि त्याची शेपटी असेल, ते खरं गाव. त्याच्या डावीकडे बँकेचं, सरकारचं, खुद्द रामेश्वराचं नाव टाकायलाही कुणाची बंदी नाही. माझ्या लिंकमध्ये डावीकडे पार्सलवाल्यांचं नाव होतं आणि रेघेजवळ कुणी भलताच बसला होता. पोस्टमास्तरची मुलगी असून मी पत्ता वरून खाली वाचला!

तसा हा धंदा आपल्याकडे जुनाच. पंधराव्या शतकात अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी चौलच्या बंदरात उतरला, सोबत विकायला आणलेला घोडा. रेवदंड्यात तुम्ही आम्हाला त्याची गोष्ट सांगायचात आणि आमचं लक्ष बर्फाच्या गोळ्याकडे असायचं. जुन्नरला पोचल्यावर तिथल्या खानाने त्याचा घोडाच अडकवला. धर्म बदल, घोडा परत देतो, वर हजार मोहरा. मुदत चार दिवस. हल्ली कॉम्प्युटरमधल्या फायलींना कुलूप घालून खंडणी मागतात, त्यात याहून वेगळं काय असतं? घोडा आपला, दोरी त्याच्या हातात, आणि वर मुदत. निकितीनसाठी एका खोरासानी गृहस्थाने रदबदली केली, म्हणून घोडा सुटला. आपल्याला खोरासानी कुठून मिळणार? म्हणून दुसरा घोडा ठेवायचा. वाडीचे सातबारे आणि आजीचे फोटो पेनड्राइव्हवर उतरवा, आणि उतरवून झाल्यावर तो काढून कपाटात ठेवा. कॉम्प्युटरला लावूनच ठेवलात तर दोन्ही घोडे एकाच तबेल्यात.

आई, तुझ्या लग्नपत्रिकेची गोष्ट मी इथे सगळ्यांना सांगते. शेजारच्या भाऊंच्या नंबरावरून 'शुभविवाह, नक्की या' आलं तेव्हा तुला चष्मा सापडला नाही, म्हणून तू फाइल उघडली नाहीस. त्याऐवजी लग्न कुणाचं हे विचारायला सात घरी फोन केलेस. लग्न कुणाचंच नव्हतं, पण दोन साखरपुडे आणि एक भांडण तुला आयतं कळलं. संध्याकाळी भाऊ डोक्याला हात लावून ओटीवर आले. त्या पत्रिकेच्या नावापुढे ए, पी, के अशी अक्षरं होती. म्हणजे ती पत्रिका नव्हती, अ‍ॅप होतं. फोनमध्ये शिरतं, ओटीपीचे मेसेज वाचतं आणि आपल्याच नावाने गावभर आमंत्रणं धाडतं. खरी पत्रिका फोटो नाहीतर पीडीएफ होऊन येते, आणि आपल्यात तर माणूस अक्षत घेऊन दारात येतो. अक्षत आल्याशिवाय पत्रिका उघडू नकोस.

अप्पांच्या अटकेचं मात्र मला अजून हसू येतं. व्हिडिओवर खाकी कपड्यातला साहेब, मागे भिंतीवर अशोकस्तंभ. तुमच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडलेत, तुम्ही डिजिटल अटकेत आहात, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही. आणि बनियनवर बसलेले अप्पा म्हणतात, 'हलत नाही. पार्सलचा नोंदणी क्रमांक सांगा. बुकिंग कुठल्या पोस्टात झालं? वजन किती? समन्स रजिस्टर ए.डी.ने धाडा, पोचपावतीवर सही करतो.' चार मिनिटांत साहेबांनी स्वतःचीच सुटका करून घेतली. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबरच्या 'मन की बात'मध्ये हेच सांगितलं, की कायद्यात डिजिटल अटक नावाचं काही नाही. बिचाऱ्या भाऊंना मात्र सांगा, पैसे गेले की शेजाऱ्यांच्या ओटीवर जाण्याआधी १९३० ला फोन करायचा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम वाटेत अडवता येण्याची आशा जास्त. नंबर कॅलेंडरवर लिहून ठेवा.

कॅलेंडरवर नंबर लिहा, पासवर्ड नको! डिसेंबरच्या पानामागे तुम्ही पासवर्ड लिहिता म्हणून मी हसायचे. आता वाटतं, परदेशात बसलेल्या चोराला चौलच्या स्वयंपाकघरातलं कॅलेंडर कुठे दिसणार? पण गॅसवाल्याला दिसतं. वही करा आणि कपाटात ठेवा. तुम्ही चिडला होतात ना, की 'चंपावती' चालत नाही, मोठं अक्षर हवं, आकडा हवा, चिन्ह हवं? हे नियम २००३ साली अमेरिकेच्या एका सरकारी संस्थेसाठी बिल बर यांनी लिहिले, आणि निवृत्त झाल्यावर २०१७ मध्ये त्यांनीच त्यातल्या बऱ्याच गोष्टींबद्दल पश्चात्ताप बोलून दाखवला. तुमची चिडचिड योग्य होती. लांबी महत्त्वाची. एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द घ्या, दर खात्याला वेगळे. आणि ओटीपीचं सोपं आहे. रामेश्वराचं पर्जन्यकुंड कुणी दारात येऊन म्हणाला म्हणून उघडत नाहीत, गावाला गरज पडली की गावच उघडतं. ओटीपी तसाच. आपण काही करायला घेतलं असेल तरच, आणि तेही आपल्याच हाताने.

आता मुद्द्याचं. पुढच्या वेळी पंपाचं साल नको. घरात एक सांकेतिक शब्द ठरवू. पैशाची गोष्ट निघाली की आधी तो विचारायचा; 'प्रिय वडील' वर विसंबू नका, हल्लीचे चोर चांगलं मराठी लिहितात. मी सुचवणार होते 'पोपटी', पण थंडी पडली की वालाच्या शेंगांची पोपटी लागते आणि तो शब्द रायगडात ज्याच्या त्याच्या तोंडी असतो. तुम्हीच ठरवा आणि पत्राने कळवा. मेलने नको.

बाकी क्षेम. आई, दत्ताच्या यात्रेला टेकडी चढणार असशील तर गुडघ्याचा पट्टा घालून चढ. कालच्या विधानसभेच्या निकालावर अप्पा काय म्हणताहेत ते मला इथवर ऐकू येतंय, ते पत्रात लिहू नका, पाकीट जड होईल. वाल अजून पोचले नाहीत, पण पार्सल कुठे आहे हे शोधायची आता हिंमत होत नाही.

तुमची,
ठकी
(नाव तुम्हीच ठेवलंत.)

ता. क. पंप १९९३ साली बसला. धाकट्या मामाला फोन करून विचारलं. सांगण्याआधी त्यानेही मला दोन प्रश्न विचारले, त्यातला एक चुकला. तरी आता मला स्पॅममधून बाहेर काढा.