काचेवरील दहिवर : शास्त्र आणि व्यवहार

इंग्लंडमधील ज्या घरांना गॅरेज नाही, किंवा असूनही ते जुन्या गाद्या, मोडक्या सायकली आणि पुढेमागे लागतील म्हणून जपलेले खोके यांच्या स्वाधीन झालेले आहे, त्या घरांतील मोटारी रात्रभर उघड्यावर उभ्या असतात, आणि हिवाळ्यातील निरभ्र रात्रीनंतर त्यांच्या पुढच्या काचेवर बर्फाचा जो पांढुरका, खरखरीत थर आढळतो त्यास दहिवर म्हणतात. गोठणबिंदूखाली गेलेल्या पृष्ठभागावर हवेतील बाष्प पाणी न होता थेट स्फटिकरूप झाले म्हणजे, किंवा आधी पडलेले दव मागाहून गोठले म्हणजे, दहिवर तयार होते. ही घटना सर्वस्वी नैसर्गिक, वारंवार घडणारी आणि बहुधा आदल्या संध्याकाळीच कळणारी असूनही मोटारीचा मालक तिच्याकडे दर वेळी अनपेक्षित आपत्ती म्हणून पाहतो, आणि म्हणूनच प्रस्तुत विवेचनाचा खरा विषय काच नसून हा मालक आहे.

मालकाची पहिली तक्रार हवामान खात्याविरुद्ध असते. किमान तापमान २ अंश सेल्सियस राहील असे सांगितले असताना काचेवर बर्फ आलाच कसा, असा त्याचा सवाल असून त्यामागे खात्याच्या अब्रूविषयीची जुनी शंका दडलेली असते. वस्तुतः खाते खरेच बोललेले असते, परंतु ते हवेविषयी बोललेले असते. हवेचे तापमान जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत ठेवलेल्या तापमापकाने मोजतात. या पेटीस स्टीव्हन्सन पेटी म्हणतात, आणि ती तयार करणारे दीपगृह-अभियंते थॉमस स्टीव्हन्सन हे ‘ट्रेझर आयलंड’कार रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांचे वडील होत. पेटीतील तापमापकाच्या डोक्यावर छप्पर असते, तर मोटारीची काच तिरकी होऊन उघड्या आकाशाकडे पाहत असते आणि आपली उष्णता अवरक्त किरणांच्या रूपाने त्याला देत राहते. आकाश ढगाळ असेल तर ढग त्यातील बराच भाग परत करतात. निरभ्र आकाश मात्र घेतलेले परत करण्याच्या बाबतीत फारसे उत्साही नसते. परिणामी काच भोवतालच्या हवेपेक्षा काही अंशांनी अधिक थंड होते. या प्रक्रियेस प्रारणी शीतलन म्हणतात, आणि महाबळेश्वरला वेण्णा लेकच्या परिसरात पारा शून्याच्या वर असतानाही मोटारींच्या टपांवर गोठलेले दव सापडते ते तिच्यामुळेच. फरक एवढाच की तेथे हे दव खरवडून पर्यटक त्याची छायाचित्रे काढतात आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत बातमी येते. इंग्लंडमध्ये तेच दव खरवडणारा मनुष्य छायाचित्र काढू देण्याच्या मनःस्थितीत नसतो.

ब्रिटनच्या वाहतूक-नियमावलीतील, म्हणजे हायवे कोडमधील, २२९ वा नियम निघण्यापूर्वी सर्व काचांवरील बर्फ काढण्यास सांगतो. ‘सर्व’ या शब्दाचा मालकांच्या संप्रदायात मात्र फार उदार अर्थ लावला जातो. चालकाच्या नाकासमोर ताटलीएवढे भोक पाडले की नियमाचा गाभा पाळला गेला, बाकी केवळ तपशील, असे मानणारा एक मोठा पंथ आहे, आणि त्यातील अनुयायी उशिरा आलेल्या श्रोत्याने खांबाआडून कीर्तनकार पाहावा तसे मान वाकडी करून समोरचा रस्ता पाहत कार्यालयापर्यंत जातात.

हे भोक पाडण्याचे साधन हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. या कामासाठी प्लास्टिकची खरवडणी अल्प किमतीत मिळते आणि बहुतेक मोटारींत ती असतेही, पण ती मोटारीच्या आत असते आणि दार गोठून बसलेले असते. तेव्हा पाकिटातील सुपरमार्केटचे सदस्यत्व-कार्ड बाहेर निघते. गुण साठवून सवलत मिळवून देणे हे त्याचे मूळ कार्य असले तरी त्याची अखेर बहुधा काचेवरच होते. वायपर चालवून बर्फ निघेल ही आशाही चिवट आहे. वायपरचे पेटंट अमेरिकेतील मेरी अँडरसन यांना १९०३ मध्ये मिळाले, आणि त्यामागे न्यूयॉर्कच्या हिवाळ्यात समोरचे काही दिसत नसलेल्या ट्रामचालकाची त्यांनी पाहिलेली अवस्था होती. पण काचेलाच चिकटलेला वायपर ओढून काढणे त्या कल्पनेत नव्हते, आणि तसे केल्यास त्याचे रबर फाटते. अल्कोहोलयुक्त फवारा अधिक गुणकारी आहे, कारण अल्कोहोल मिसळले की पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो. तथापि अल्कोहोल उडून गेल्यावर उरलेले पाणी पुन्हा गोठू शकते आणि मालकास एकाच सकाळी दोन हिवाळे पाहावयास मिळतात.

इंजिन चालू करून घरात चहा घेत बसणे ही सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत उधळी पद्धत होय. एक चौरस मीटर काचेवर दशांश मिलिमीटर जाडीचा सलग बर्फ असेल, तर त्याचे वजन सुमारे ९० ग्रॅम भरते आणि तो वितळण्यास सुमारे ३० किलोज्यूल उष्णता लागते. तेवढ्या उष्णतेत लहानशा कपभर चहाचे पाणी उकळते. म्हणजे कपभर चहाएवढ्या उष्णतेसाठी टनभर वजनाचे यंत्र फुरफुरत ठेवावयाचे, आणि त्यातील बहुतांश उष्णता रस्त्यास अर्पण करावयाची, असा हा व्यवहार आहे. शिवाय सार्वजनिक रस्त्यावर इंजिन चालू ठेवून मोटारीपासून दूर जाण्यास कायद्याने मनाई आहे, आणि अशा मोटारी पळवणारे चोर थंडीतही वेळेवर उठतात.

उरतो उकळत्या पाण्याचा उपाय, आणि तो मुख्यतः लेकीच्या किंवा सुनेच्या बाळंतपणानिमित्त भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या आजोबांचा असतो. जावई किंवा मुलगा बाहेर कार्डाने खरवडत असल्याचे दृश्य स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहून त्यांना राहवत नाही, आणि ते किटली घेऊन अंगणात येतात. काच उष्णतेची मंदवाहक असल्यामुळे वरचा पृष्ठभाग एकदम प्रसरण पावतो, खालचा मागे राहतो आणि या ताणाने काचेतील एखादा जुना, बारीक टवका लांबलचक तड्यात परिणत होतो. समोरची काच दोन थरांमध्ये प्लास्टिकचा पापुद्रा घालून केलेली असल्याने तिचे तुकडे अंगावर पडत नाहीत; ती भंगलेल्या अवस्थेत जागेवरच राहते आणि तिच्यासमोर आजोबाही. दरम्यान ओघळलेले पाणी फरशीवर गोठून दुसऱ्या संकटाची तयारी करते.

तरी वडीलधाऱ्यांना विनंती इतकीच की, आकाश निरभ्र दिसेल त्या संध्याकाळी वायपर बंद असल्याची खात्री करून मोटारीच्या काचेवर एक जुनी, कोरडी चादर अंथरून तिची टोके दारांत अडकवावीत, म्हणजे काचेची उष्णता आकाशाला जाणार नाही. ती चादर ओली मात्र नसावी, कारण ओली चादर काचेलाच गोठून बसते. आणि किटली सकाळी फक्त चहासाठी वापरावी.