नागापुरातल्या नागापुरात नागराज व्हा

नागराज मंजुळे नगरच्या न्यू आर्ट्स कॉलेजात शिकत होते, तेव्हा अभ्यासाचा भाग म्हणून त्यांनी ‘पिस्तुल्या’ ही शॉर्टफिल्म केली. ५८ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत तिला पदार्पणाचा पुरस्कार मिळाला. हे कॉलेज लाल टाकीला. तिथून मनमाड रोडला लागून सीनेचा पूल ओलांडला की नागापूर. म्हणजे राष्ट्रीय पुरस्कार आपल्यापासून फक्त शेअर रिक्षाच्या एका सीटवर आहे. उरलेली वाट पुढीलप्रमाणे.

१. गाव निवडा. पहिला नियम : नागापूरचे असाल, तर नागापुरात शूटिंग करू नका. एमआयडीसीचे पत्रे, पाळी सुटल्यावर एकदम बाहेर पडणाऱ्या मोटारसायकली, गुंठेवारीतल्या दहा बाय दहाच्या खोल्या, सकाळी चौकात ठेकेदाराची वाट बघत उभी असलेली पोरं, यातलं काहीही फ्रेममध्ये आलं तर तुम्ही इथलेच आहात हे प्रेक्षकांना कळेल. मंजुळेंच्या ‘फँड्री’तलं अकोळनेर नगर तालुक्यातच आहे. गाड्या तिकडे वळवा. पेट्रोल वर्गणीतून.

२. कथा. कथा लिहिताना घरच्यांना लांब ठेवा. आई भाकरी थापता थापता म्हणेल, “तुझ्या बापाला कंपनीनं बावीस वर्षांत पर्मनंट केलं नाय, त्याच्यावर काढ ना पिच्चर.” हसून सोडून द्या. तिला सिनेमातलं काय कळतं? त्या गोष्टीत डुकरं नाहीत, पाटलाची पोरगी नाही आणि मुख्य म्हणजे दगड नाही.

३. दगड. ‘फँड्री’च्या शेवटी जब्या दगड भिरकावतो आणि तो थेट कॅमेऱ्यावर येतो. त्याआधी दीड तासाहून जास्त वेळ त्या पोराची आणि त्याच्या घरादाराची गावानं अब्रू काढलेली असते. आपली फिल्म सात मिनिटांची. एवढा अपमान दाखवायला वेळ नाही, म्हणून दगडापासूनच सुरुवात करा. कोणी कोणाला आणि का मारला, हे प्रेक्षकांवर सोडा. कॅमेरा म्हणजे मित्राचा मोबाईल असल्यामुळे दगड थर्माकोलचा घ्या आणि मित्राला तरीही आधी विचारा.

४. चिमणी. ‘फँड्री’तली काळी चिमणी अनिवार्य. नागापुरात चिमण्या पुष्कळ आहेत, पण त्या धूर सोडतात. त्या चालणार नाहीत. खरी न सापडल्यास आकाशाकडे बघणारा मुलगा दाखवा. दीड मिनिट बघू द्या. परीक्षक यालाच काव्यात्म म्हणतात.

५. कलाकार. जब्या झालेला सोमनाथ अवघडे मंजुळेंना करमाळा तालुक्यातल्या केममध्ये हलगी वाजवताना सापडला. तुम्हीही कॅमेऱ्यासमोर कधी न आलेला मुलगा शोधा. हल्ली असा मुलगा रांगता असतानाच सापडतो. त्यानंतर तो रील करू लागतो. तेव्हा आत्याचा मुलगा घ्या. त्याचे केस विस्कटा. पाठोपाठ आत्या येऊन ते विंचरेल, म्हणून तिला पोह्यांच्या कामाला लावा. ‘पिस्तुल्या’तला सूरज पवार पुढे ‘फँड्री’त पिऱ्या झाला आणि ‘सैराट’मध्ये आर्चीचा भाऊ प्रिन्स. आत्याला एवढं ऐकवलं की ती पोह्यांवर शेवही घालते.

६. स्वतःची भूमिका. ‘फँड्री’त मंजुळे स्वतः सायकलच्या दुकानातला चंक्या झाले आहेत. तेव्हा तुम्हीही दाढी वाढवा आणि एका प्रसंगात गूढ बसा. संवाद नको. तुम्हाला सगळं माहीत आहे, असं चेहऱ्यावर दिसलं पाहिजे. दिग्दर्शकाला एरवीही हेच करायचं असतं.

७. शांतता. ‘सैराट’चा शेवट आवाज काढून घेऊन केला आहे, लहान मुलाची रक्ताची पावलं उमटतात आणि थिएटरात कोणाला हलवत नाही. आपल्याकडेही शेवट नि:शब्दच होईल, कारण माईक लावायचा राहिलेला असेल. हे परीक्षकांना सांगू नये. मनमाड रोडवरच्या कंटेनरचा हॉर्न कुठे घुसलाच, तर त्याला ‘व्यवस्थेचा आवाज’ म्हणावं.

८. ड्रोन. लग्नाचं शूटिंग करणाऱ्या दादाकडून अर्ध्या तासासाठी आणा. ‘पिस्तुल्या’ ड्रोनवाचून झाला, पण तेव्हा लोकांकडे सांगण्यासारखी गोष्ट होती.

९. मुलाखत. ही शूटिंगच्या आधीच तयार ठेवा. ‘मी माझ्या मातीतली गोष्ट सांगितली’ हे वाक्य त्यात हवंच. कुठली माती, असं कोणी विचारलं तर पाणी मागा.

शंका-समाधान

*नागराज नागापुरात वाढले असते, तर त्यांनी काय चित्रित केलं असतं?*
हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा आहे. करमाळ्याजवळच्या जेऊरचा माणूस स्वतःकडचं बघून स्वतःकडचं दाखवतो, हे तंत्र पुढच्या सत्रात आहे. तोवर त्यांच्याकडचंच दाखवा.

*फिल्म कुठेच निवडली गेली नाही, तर?*
प्रेरणास्थान बदला. न्यू आर्ट्समधूनच गेलेले, आपल्याच जिल्ह्यातले, श्रीगोंदा तालुक्यातले भाऊराव कऱ्हाडे आहेत. त्यांच्या ‘ख्वाडा’ला ६२ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष ज्युरी पुरस्कार मिळाला. मात्र त्या फिल्मसाठी त्यांनी जमीन विकली होती, हे वडिलांच्या कानावर जाऊ देऊ नका. आपल्याकडे बोल्हेगावच्या हद्दीला लागून दीड गुंठा आहे, तोही एनए न झालेला. त्यात घर कसंबसं बसलंय. प्रेरणा बसणार नाही.